अस्थी : पुरावा की प्रदर्शन?
कंबोडियातील स्मारकांची नैतिक चिकित्सा

नरसंहाराच्या स्मारकांत बळींच्या अस्थी मांडून ठेवण्याचे समर्थन बहुधा एकाच मुद्द्यावर केले जाते. तो म्हणजे अस्थी हा अत्याचाराचा निर्विवाद पुरावा होय. कंबोडियाच्या संदर्भात या युक्तिवादाची मर्यादा स्पष्ट होते.

ख्मेर रूज राजवटीत (1975-1979) सुमारे 17 लाख लोक मृत्युमुखी पडले. पुढे नोम पेन्ह येथील तुओल स्लेंग तुरुंगाचे संग्रहालय झाले. तेथे सुमारे 300 कवट्यांचा देशाचा नकाशा भिंतीवर उभारण्यात आला व 2002 मध्ये उतरविण्यात आला. शहराजवळील चोएंग-एक या वधस्थळी मात्र 1988 मध्ये बांधलेल्या स्तूपात हजारो कवट्या आजही काचेआडून दिसतात.

या दोन मांडण्या सारख्या नाहीत. नकाशात माणसाची कवटी हे राजकीय चित्राचे साहित्य झाले होते. व्हिएतनामच्या पाठबळावर आलेल्या सरकारला आपल्या सत्तेचे समर्थन हवे होते, ही पार्श्वभूमी येथे विसरता येत नाही. स्तूप ही बौद्ध परंपरेत अस्थींना आदराने ठेवण्याची जागा आहे. तेथे लोक मृतांसाठी प्रार्थना करतात. तथापि त्याच परंपरेत मृताचे दहन अपेक्षित असते. राजे नरोदोम सिहानूक यांनी दहनाचाच आग्रह धरला होता. सरकारने पुराव्याचे कारण पुढे करून अस्थी जतन केल्या.

आता हे कारण पूर्वीइतके बळकट राहिलेले नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने चाललेल्या न्यायाधिकरणाने 2022 मध्ये अखेरचा निकाल दिला. तुओल स्लेंगची कागदपत्रे व कैद्यांची छायाचित्रे 2009 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाली आहेत. नाकारणाऱ्यास उत्तर देण्यास ती समर्थ आहेत. शिवाय पुरावा म्हणून अस्थी जतन करणे आणि त्या सर्वांच्या नजरेस मांडणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या समर्थनाने दुसरी सिद्ध होत नाही.

खरी अडचण संमतीची आहे. बहुतेक अस्थींची ओळख पटलेली नाही. त्यामुळे कोणतेही कुटुंब त्यांच्या प्रदर्शनास संमती देऊ शकत नाही, तसेच नकारही देऊ शकत नाही. या मौनाचा अर्थ राज्यसंस्थेने आपल्या सोयीने लावणे अनुचित होय. दुसरीकडे, घाईने केलेले दहन कधीही मागे घेता येणार नाही.

2025 मध्ये ही दोन्ही स्थळे जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. प्रेक्षक वाढण्याची शक्यता लक्षात घेता, अस्थी स्तूपातच राखून नजरेआड ठेवणे आणि अंतिम निर्णय वाचलेल्यांच्या व बळींच्या वारसांच्या विचारविनिमयावर सोपविणे, हा मार्ग अधिक न्याय्य ठरतो. स्मारकाची विश्वासार्हता मृतांच्या उघडेपणावर अवलंबून नसते.