हॉकीला मीठ कमी

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, नाटकावर झालेल्या समीक्षेचीही होते. पण ज्या वाङ्मयप्रकाराला ना कागद लागतो ना अनुदान, आणि तरीही ज्याचा श्रोतृवर्ग महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे, त्या गप्पांकडे कुणा समीक्षकानं मान वळवून पाहिलेलं नाही. त्यातही क्रिकेटच्या गप्पांचं बरं चाललंय. त्यांना वर्तमानपत्रं उचलून धरतात. हॉकीच्या गप्पा मात्र अगदीच पोरक्या. तेव्हा आमच्या कुरुंद्याच्या हॉकीगप्पांचं चार शब्दांत मूल्यमापन करावं, असं माझ्या मनात आलं. मला विचारलंय कुणी, असा प्रश्न आपण काढू नये. समीक्षकाला कुणीच विचारलेलं नसतं.

कुरुंदा हे वसमत तालुक्यातलं गाव. जिल्हा हिंगोली; १ मे १९९९ च्या आधी परभणी. शेजारी टोकाईचा गड, आणि शिवारात हळद. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडची माणसं साध्या वरणाकडेही जरा आदरानं बघतात. अशा गावात हॉकी कुठून आली, असं तुम्ही विचाराल. रेडिओतून आली. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ असं हरवून विश्वचषक जिंकला, आणि जसदेव सिंग यांच्या आवाजातून तो चषक थेट आमच्या हॉटेलाच्या बाकड्यावर येऊन पडला. तो अजून तिथंच आहे. त्या बाकड्यावर रोज संध्याकाळी एक निवृत्त गुरुजी, एक निवृत्त कंडक्टर (त्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यामुळे गुरुजी जरा खट्टू असतात), एक किराणा दुकानवाले शेठ आणि मोबाइल बाळगणारा एक भाचा बसतो. तो नक्की कुणाचा भाचा हे कुणालाच ठाऊक नाही. हॉटेलवाले मामा कढईमागून भाग घेतात.

या गप्पांचे काही संकेत ठरलेले आहेत. सुरुवातीला मंगलाचरण, ते ध्यानचंदांचं. त्यांच्या काठीत लोहचुंबक आहे की काय म्हणून परदेशात काठी मोडून पाहिली, ही कथा गुरुजी सांगतात. काठी कोणत्या देशात मोडली ते दर खेपेला बदलतं. बर्लिनला १९३६ च्या अंतिम सामन्यात आपण जर्मनीवर आठ गोल केले, हा इतिहास आहे. गुरुजींचा घसा साफ असला की ते चौदापर्यंत जातात. मंगलाचरणात आकड्याला फार धरायचं नसतं, म्हणून कुणी टोकत नाही.

दुसरा संकेत ‘राष्ट्रीय खेळा’चा. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ आहे, हे वाक्य एकदा तरी आल्याशिवाय बैठक पुरी होत नाही. मी एकदा सांगून पाहिलं, की २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं खुद्द क्रीडा मंत्रालयानंच कळवलं होतं. बाकडं एकदम गप्प झालं. मग मास्तर शांतपणे म्हणाले, “सरकारला कागद घावला नसंल. आमच्या सातबाऱ्याचं बी तसंच झाल्तं.” यावर काय बोलणार?

तिसरा आणि मुख्य संकेत शोकाचा. १९२८ पासून १९७२ पर्यंत हॉकी संघ ऑलिंपिकहून पदकाशिवाय परतला नव्हता. १९७६ साली मॉन्ट्रियलला तो अ‍ॅस्ट्रोटर्फवर उतरला आणि थेट सातव्या क्रमांकावर गेला. त्या हिरव्या सतरंजीला आमच्या बाकड्यानं अजून माफ केलेलं नाही. पुढे १९८० चं मॉस्कोचं सुवर्ण येतं, पण ते घाईत उरकतात, कारण त्याच्यामागे १ डिसेंबर १९८२ उभा असतो. दिल्लीचं एशियाड, पाकिस्तान, एकास सात. त्या दिवशी आपल्या आळीत टीव्ही नव्हता, याचं शेठना आजही समाधान आहे. मग एक्केचाळीस वर्षांचा उपवास, २०२१ ला टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४, कांस्य, डोळ्यांत पाणी, चहा.

आता समीक्षक म्हणून माझं म्हणणं असं, की या सगळ्यात हॉकी कुठं आहे? भक्ती आहे, राष्ट्र आहे, करुणरस तर पातेलंभर आहे. पण चेंडू कुणाच्या काठीवर होता, त्यानं तो कसा अडवला, कुणाला द्यायचा सोडून कुणाला दिला, यातलं एक अक्षर नाही. याचं मूळ मला रेडिओत दिसतं. हॉकीचं धावतं वर्णन म्हणजे नावांची पळापळ. चेंडू एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे जातो, आवाज चढत जातो, आणि शेवटी गोल तरी होतो नाहीतर ‘बाहेर’ तरी. मैदान दिसत नाही, माणूस कुठं उभा आहे कळत नाही. क्रिकेटचं वर्णन ऐकताना मधे विडा लावायला वेळ असतो, क्षेत्ररचना मनात मांडता येते. हॉकीत तेवढी उसंत कुठली! म्हणून आमच्या बाकड्यानं रेडिओपासून दोनच गोष्टी उचलल्या, नावं आणि चढता आवाज. अशोककुमारांचा तो निर्णायक गोल, ज्यात चेंडू खांबाला लागून आतून बाहेर आला की बाहेरूनच परतला यावर पाकिस्ताननं वाद घातला होता, तो चेंडू आत जाताना गुरुजींनी रेडिओवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. पुढे टीव्ही आला, मोबाइल आला, पण भाचा त्यावर दाखवतो फक्त गोल. गोल म्हणजे भाजीतलं तिखट. नुसत्या तिखटावरून भाजी कळत नाही. हॉकीतून ऑफसाइड नव्वदच्या दशकातच गेलं, तरी गुरुजींचा हात अजून ऑफसाइडसाठी वर जातो, आणि भाच्याला त्यांचा हात कशासाठी वर गेला हेच कळत नाही. दोन पिढ्यांचा संवाद खुंटला की काय होतं, त्याचं हे उत्तम उदाहरण आहे, पण विद्यापीठातल्या मंडळींना कोण सांगणार?

आणि हीच माणसं खाण्यावर बोलू लागली म्हणजे पाहा.

मामांनी सुशीला पुढं ठेवली. आपल्या माहितीसाठी, सुशीला हे आमच्याकडे बाईचं नाव असतं आणि भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेल्या पदार्थाचंही. शेठनी एक घास घेतला आणि म्हणाले, “मामा, मुरमुरे पिळले न्हाई तुम्ही. पाणी ऱ्हायलं. फोडणीला दोष न्हाई, फोडणी वरूनच घसरली.” मास्तर भज्याचा तुकडा मोडून म्हणाले, “तेल सकाळचं हाय. पण बेसन चांगलं फेटल्यालं, म्हणून धकून गेलं.” आता याला म्हणतात समीक्षा! दोष नेमका कुठं, तो कशामुळे, आणि त्यातूनही काय तरलं. घासभर सुशीलेवर यांनी जो निवाडा दिला, तसा पन्नास वर्षांत एका तरी पेनल्टी कॉर्नरवर दिला असता, तर मी कशाला लेखणी हाती धरली असती! पण हॉकी म्हटलं की यांची जीभ एकदम देवळात जाते. चप्पल बाहेर, अक्कलही बाहेर.

हा दोष जुनाच असता तर मी गप्प बसलो असतो. पण ज्या खेळातली चूक नेमकी दाखवणारं कुणी नसतं, तो खेळ गावात उतरत नाही. आमच्या बाकड्यावर हॉकीचा पन्नास वर्षं जप चाललाय, आणि माझ्या पाहण्यात गावातल्या एकाही पोराच्या हातात हॉकीची काठी आलेली नाही. पोरं बाकड्याजवळून जातात, ‘आपलं सुवर्ण’ ऐकतात, आणि क्रिकेट खेळायला जातात. जे संपलंय असं मोठी माणसंच सांगतात, ते खेळायला कोण जाईल?

या विषयात पहिला शहाणा शब्द मी ऐकला तो बाकड्यावरच्या कुणाचा नव्हे, एका मुकादमीण मावशींचा. ही गोष्ट ऑगस्ट २०२४ ची. पॅरिसला ४ तारखेला उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटालाच अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना आपण दहा जणांत काढला, १-१ वर रोखून धरला आणि शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर श्रीजेशची आरती चालू होती. आरती रास्तच होती, गोलरक्षक थोरच. पण दहा जणांनी चाळीसेक मिनिटं अकरांना कसं थोपवलं, हे मी विचारलं तर गुरुजी म्हणाले, “जिद्द!” शेठ म्हणाले, “देशप्रेम!” भाचा म्हणाला, “श्रीजेश!”

मावशी खुरपणीच्या टोळीसाठी चहा न्यायला आल्या होत्या. किटली भरेपर्यंत त्या ऐकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “कामून इतकं कोडं घालायलाव? एक बाई आली न्हाई म्हणून पात काय बारीक होती का? मंग कडंच्या वळी सोडायच्या आन् मधून जवळ-जवळ चालायचं. कड उद्या बी खुरपता येती. मधी ऱ्हायलेलं तण बियाला येतं.”

किटली घेऊन त्या निघून गेल्या. मी भाच्याला सामना परत लावायला सांगितला, गोलांपुरता नव्हे, सबंध. पाहतो तर खरंच! आपली माणसं कडा सोडून देत होती. ब्रिटनवाले कडेनं हवे तितके खेळोत. ‘डी’च्या तोंडाशी मात्र काठीला काठी लावून दाटी. जिद्द वगैरे होतीच, पण ती कुठं उभी करायची हे कुणीतरी ठरवलं होतं. पुढे उपांत्य सामन्यात रोहिदास बंदीमुळे नव्हता आणि जर्मनीकडून आपण ३-२ असे हरलो. पेनल्टी कॉर्नरवर चेंडूच्या अंगावर सगळ्यात आधी धावून जाणारा गडी तोच, हे बाकड्याला तेव्हा प्रथम कळलं. ८ ऑगस्टला स्पेनला २-१ ने हरवून कांस्य मिळालं, त्या संध्याकाळी मात्र समीक्षा बंद ठेवून सर्वांनी पेढे खाल्ले. “खवा जरा जास्त भाजलाय,” एवढं एक मत तेवढं नोंदलं गेलं.

मावशींच्या त्या एका वाक्याचा परिणाम असा झाला, की या हिवाळ्यात मी मंडळींना नांदेडला नेऊ शकलो. नांदेड आमच्याहून कितीसं लांब? बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला आम्ही सदा नांदेडलाच असतो. तिथं खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरु गोबिंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय सुवर्ण आणि रजत चषकाची हॉकी स्पर्धा वर्षानुवर्षं भरते, पंजाबपासूनचे संघ येतात. आणि क्वालालंपूरचा खांब तोंडपाठ असलेले आमचे गुरुजी तिथं एकदाही गेले नव्हते! का, तर म्हणे जवळ आहे, कधीही जाता येईल.

आधी गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, लंगरमध्ये पंगतीला बसलो. डाळ दोनदा घेऊन मास्तर म्हणाले, “घाईत शिजवल्याली न्हाई.” मास्तरांच्या कोशात याहून वरचा शब्द नाही. मग मैदान. तिथं हिरवी सतरंजी नाही. साधं मैदान, आणि त्यावर चेंडू उंदरासारखा कुठूनही कुठं उसळतो. पहिली पाच-दहा मिनिटं आमची मंडळी राष्ट्रीय चेहरा करून बसली होती. मग काठीवर चेंडू बसल्याचा तो ‘टक्’ आवाज जवळून ऐकू आला. रेडिओत तो कधी आलाच नव्हता. शेठ पुढं सरकले. थोड्या वेळानं म्हणाले, “त्या डावीकडच्याला बगा. चेंडू घ्यायच्या आधी मान वर करतंय, घेतल्यावर न्हाई. माल यायच्या आधी गिऱ्हाईक ठरवल्यालं हाय त्यानं.” मास्तर म्हणाले, “आन् तो मधला? समदी सीट भरल्यावर बी घंटी मारीना. दे की बाबा सोडून!” गुरुजींचा हात एकदा ऑफसाइडसाठी वर गेला आणि त्यांनी तो तसाच टोपीकडे नेला. ध्यानचंदांचं नाव दोन तासांत एकदाही निघालं नाही. ध्यानचंदांना ते आवडलं असतं असं माझं मत आहे.

परतताना शेठच्या मेहुण्याच्या शेतावर हुरड्याला थांबलो. आगटी पेटलेली, कणसं भाजून चोळायचं काम चाललेलं. दाणा तोंडात टाकून मेहुणे म्हणाले, “काल यायला पायजे व्हतं. आज दाणा जरा धरला.” दाणा धरला म्हणजे दूध आटून घट्ट होऊ लागला, एका दिवसाचा फरक, पण जिभेला कळतो. मावशीही तिथं कामाला होत्या. कणसं चोळता चोळता त्यांनी सामन्याची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि विचारलं, “पोरी खेळतेत का ह्याच्यात?”

“खेळतेत की!” गुरुजी म्हणाले. “टोकियोला आपल्या पोरी चौथ्या आल्या.”

“ते टोकियोचं ऱ्हाऊ द्या. नांदेडात काठी कुठं भेटती, आन् कितीला?”

कुणालाच सांगता येईना. पन्नास वर्षांच्या व्यासंगात हा प्रश्न आला नव्हता. भाचा मोबाइल काढून शोधू लागला, तर शेतात रेंज नव्हती. शेठ म्हणाले, “शनिवारी मालाला नांदेडला जायचंच हाय, बगतो.” मावशींची नात बांधावर उभी राहून वाळक्या धांड्यानं ढेकूळ उडवत होती. मास्तर बराच वेळ तिकडं पाहत होते. मग चटणीचं बोट चाटून म्हणाले, “जोर हाय. पण पाय लई मागं ठिवायली.”

“मंग पुढं जाऊन सांगा की तिला,” मावशी म्हणाल्या. “हितं काय हुरड्याला सांगायलाव?”

मास्तर धोतर सावरत उठले.