बेरीज जुळली, पण वेळ?

पाटण तालुक्यातील कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट आहे. मात्र एवढी वीज दिवसभर निर्माण करता येत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिले आहे. म्हणून हे मोजके पाणी मुख्यतः मागणी चढते त्या वेळेसाठी राखायचे असते.

आता या मागणीत विजेवर चालणाऱ्या वाहनांची भर पडते आहे. माणसे संध्याकाळी घरी येतात आणि गाडी चार्जिंगला लावतात. ही मागणी किती वाढेल, हे संगणकावर त्या व्यवहाराची नक्कल करून, म्हणजे सिम्युलेशन करून, काढतात. ही भाकिते उपयोगी आहेतच. आक्षेप आहे तो त्यांच्या तपासणीच्या पद्धतीवर. पुष्कळदा दिवसाची एकूण वीज किंवा सरासरी जुळली की प्रतिकृती उत्तीर्ण ठरते.

एक सोपे गणित करू. एका गावात 100 स्कूटर आहेत असे समजा. प्रत्येकीला 750 वॉटचा चार्जर चार तास लागतो, म्हणजे 3 युनिट. दिवसाची बेरीज 300 युनिट. हे चार्जिंग चोवीस तासांत सारखे विभागले, तर मागणी 12.5 किलोवॉट, सर्व गाड्या एकदम लावल्या, तर 75 किलोवॉट. बेरीज दोन्हीकडे तीच, पण मागणीत सहापटीचा फरक! गावाला 63 केव्हीएचे रोहित्र असेल, तर पहिल्या स्थितीत ते निर्धास्त राहील, दुसऱ्या स्थितीत तापेल. तेव्हा प्रतिकृती ज्या कामासाठी वापरायची, त्याच राशीवर ती तपासली पाहिजे. येथे ती राशी म्हणजे कमाल मागणी आणि तिची वेळ.

दुसरा दोष गृहीतकात असतो. प्रत्येक जण आपल्या मनाने, इतरांशी संबंध न ठेवता गाडी लावतो, असे बहुधा मानतात. समजा, रात्री आठ वाजता एखादी गाडी चार्जिंगला असण्याची शक्यता एकचतुर्थांश आहे. मग 100 पैकी सरासरी 25 गाड्या लागलेल्या असतील, आणि 40 च्या वर संख्या जाणे फारच विरळा. पण पाटणच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात झाड पडून वीज गेली आणि दोन-तीन तासांनी आली, तर? खोळंबलेल्या साऱ्या गाड्या एकाच क्षणी वीज ओढू लागतील. शांत दिवसांच्या नोंदींवर तपासलेल्या प्रतिकृतीला हा प्रसंग ठाऊकच नसतो.

तिसरी गोष्ट नोंदींची. कॅलिफोर्नियातील कॅल्टेक संस्थेच्या आवारातील चार्जिंगच्या नोंदी 2019 पासून संशोधकांना खुल्या आहेत. तेथे नोव्हेंबर 2018 पूर्वी चार्जिंग फुकट होते. मग दर लागू झाला आणि वापर घटला. फुकटच्या काळातील नोंदींवर बेतलेली प्रतिकृती त्याच काळात बरोबर ठरली, तर नवल ते काय? शिवाय त्या नोंदी कामाच्या ठिकाणी लावलेल्या मोटारींच्या आहेत. आपल्याकडे घरच्या प्लगला लावलेली स्कूटर हेच नेहमीचे दृश्य.

म्हणून परीक्षा कशी घ्यावी? प्रतिकृतीने न पाहिलेल्या दिवसांवर घ्यावी. सण, पाऊस आणि दरबदलाचे दिवस मुद्दाम निवडावेत. आणि ‘काल होते तेच आज’ या साध्या ठोकताळ्याशी तुलना करावी. त्यावर मात करता येत नसेल, तर संगणकाचा खटाटोप कशाला?

वर्गात हे सहज करता येईल. विद्यार्थ्यांनी परिसरातील वाहनांच्या चार्जिंगच्या वेळा आठवडाभर टिपाव्यात, पुढच्या आठवड्याचे भाकीत आधी लिहून ठेवावे आणि मग ताडून पाहावे.

कोयनेचे पाणी सुमारे 475 मीटर खाली कोसळते. गळती-घट धरून एका घनमीटरला साधारण 1.1 युनिट वीज मिळते. म्हणजे एका स्कूटरच्या 3 युनिटांसाठी सुमारे पावणेतीन हजार लिटर पाणी! भाकिताची वेळ चुकली, तर हे पाणी नको तेव्हा खर्च होते आणि हवे तेव्हा उरत नाही.