राजाबाई टॉवर : घड्याळाच्या आसपास

आम्हां चेंबूरकरांना राजाबाई टॉवरचे टोले ऐकू येत नाहीत. ऐकू येते ती त्याची दंतकथा. आंधळ्या आईला सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ कळावी म्हणून प्रेमचंद रायचंदांनी तो बांधविला, असे आपण मुलांना सांगतो. मीही वर्गात सांगितले आहे. गोष्ट गोड खरी. पण नुसती वेळच कळायची, तर घरातले टोल्यांचे घड्याळ पुरले असते! पक्के आहे ते इतकेच : मुंबई विद्यापीठाला दिलेले दोन लाख रुपये आणि मनोऱ्याला आईचे नाव देण्याची अट. १८६९ साली पाया घातला गेला; १८७८ मध्ये काम पुरे झाले.

आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा. या गृहस्थांनी मुंबई कधी पाहिलीच नाही. मात्र मनोऱ्यावरील, पश्चिम हिंदुस्थानातील जातीजमातींच्या २४ मूर्ती योजिल्या त्या रावबहादुर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने. उंची परक्याची असेल, पण माणसांची पारख इथलीच आहे. आणि माझ्या मते या वास्तूचे मोल त्यातच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ओव्हल मैदानावर गेलात, तर किती वाजले हे अवश्य पाहा. मग मान तशीच वर ठेवून मुलांना त्या मूर्ती ओळखायला सांगा. गोष्ट घरी परतताना सांगितली तरी चालेल.