संपर्क तुटणार हे धरून : डॉमिनो सर्व्हरचे रसग्रहण

रात्री एकला कॅटलॉग आणि डिझाइन, दोनला अपडॉल, पाचला स्टॅटलॉग. डॉमिनो सर्व्हरच्या नोट्स.आयएनआय या साध्या मजकूर-फाइलमध्ये या नेमणुका तीन ओळींत लिहिलेल्या असतात. मला त्या ओळी वाचायला आवडतात. कचेरीत कुणी नसताना सर्व्हरने काय करायचे, ते सगळे त्यांत आले आहे. एकला तो आपल्याकडच्या डेटाबेसची सूची नव्याने मांडतो आणि ज्यांचे टेम्प्लेट बदलले असेल त्या डेटाबेसवर नवे डिझाइन चढवतो. दोनला प्रत्येक व्ह्यूचा, म्हणजे यादीचा, इंडेक्स ताजा करतो. जो व्ह्यू ४५ दिवसांत कुणी उघडलाच नाही त्याचा इंडेक्स काढून टाकतो आणि जागा मोकळी करतो. पाचला, लोक कामावर यायच्या आत, कोणता डेटाबेस किती वापरला गेला याची नोंद लॉगमध्ये करतो. हा क्रम कुणीतरी विचार करून लावला आहे. आधी इंडेक्स आणि मग डिझाइन असे केले असते, तर पहाटे तेच काम पुन्हा करावे लागले असते.

ज्यांचा या यंत्रणेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावरच्या संगणकावर चालते ते नोट्स (पूर्वीचे लोटस नोट्स), आणि त्यामागचा सर्व्हर म्हणजे डॉमिनो. सर्व्हरला हे नाव १९९६ साली मिळाले. मेल, कॅलेंडर, रजेचे अर्ज, खरेदीच्या मंजुऱ्या, तक्रारींच्या नोंदी असे सारे काही त्यावर चाले, आणि कित्येक ठिकाणी आजही चालते. मूळ कल्पना अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातली. तिथल्या प्लेटो या शैक्षणिक संगणक-यंत्रणेवर डेव्हिड वुली या सतरा वर्षांच्या मुलाने १९७३ साली ‘नोट्स’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. रे ओझी विद्यार्थी असताना त्याच यंत्रणेवर वावरले होते. पुढे त्यांनी १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली, लोटसने पैसा पुरवला, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये लोटस नोट्सची पहिली आवृत्ती बाजारात आली. १९९५ साली आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलर मोजून लोटस ही कंपनीच विकत घेतली.

आता रचनेकडे वळू. एखादा डॉमिनो डेटाबेस, म्हणजे एनएसएफ फाइल, उघडून आत पाहिली तर तिच्यात एकाच प्रकारची वस्तू भरलेली दिसते : नोट. तुम्ही लिहिलेला रजेचा अर्ज ही एक नोट. तो अर्ज ज्या फॉर्मवर भरला, तो फॉर्म हीही नोट. अर्जांची यादी दाखवणारा व्ह्यू, रात्री आपोआप चालणारा एजंट, डेटाबेसचे आयकॉन, इतकेच काय, या डेटाबेसमध्ये कुणी काय करावे हे ठरवणारी अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे एसीएल, हीदेखील एक नोटच. रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती टेबलात असते, तिची मांडणी स्कीमात असते, आणि पडद्यावर दिसणारे रूप तिसऱ्याच ठिकाणी असते. इथे मजकूर, रूप आणि कायदा एकाच फाइलमध्ये, एकाच घडणीचे आहेत.

याचा परिणाम प्रशासकाला रोज अनुभवता येतो. जे अर्जाचे होते तेच फॉर्मचे होते आणि तेच एसीएलचे होते. मुख्य कचेरीत एखाद्या गटाचा अधिकार कमी केला, की तो बदल रेप्लिकेशनच्या, म्हणजे प्रती जुळवण्याच्या, पुढच्या फेरीत बाकीच्या सर्व्हरवर अर्जांबरोबरच जाऊन पोचतो. त्याला एकच अट आहे : जिथून बदल निघाला त्या सर्व्हरला समोरच्या प्रतीत मॅनेजरचा दर्जा हवा. खुद्द सर्व्हरचे बरेचसे कॉन्फिगरेशनही वेगळ्या कुठल्या फाइलीत दडवलेले नाही. कोणता सर्व्हर कोणाला केव्हा संपर्क करणार हे नेम्स.एनएसएफ या डेटाबेसमधल्या कनेक्शन डॉक्युमेंटमध्ये लिहिलेले असते, आणि तेही इतर कागदांसारखेच उघडून, बदलून, जतन करता येते. एक गोष्ट नीट समजली की तिच्यावरून पुढच्या दहा कळतात, असे सॉफ्टवेअर फार थोडे असते.

पण या रचनेचा प्राण रेप्लिकेशनमध्ये आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे.

ऐंशीच्या दशकात नेटवर्क म्हणजे मुख्यतः मोडेम. भारतात तर नव्वदीतही ६४ के.ची लीज्ड लाइन असलेली कचेरी नशीबवान मानली जाई, आणि पावसाळ्यात ती लाइनही कधी बंद पडेल याचा नेम नसे. बहुतेक यंत्रणा संपर्क आहे असे धरून बांधलेल्या असतात आणि तो तुटला की एरर दाखवतात. नोट्सने उलटे धरले. संपर्क बहुतेक वेळ नसेलच. प्रत्येकाने आपल्याजवळच्या प्रतीवर काम करावे, आणि तार जुळली की दोन्ही बाजूंनी फक्त फरक कळवावा. नोट्समध्ये आपण कुठे बसून काम करतो आहोत हे सांगण्यासाठी लोकेशन निवडावे लागते. ऑफिस, होम आणि ट्रॅव्हल यांच्याबरोबर तिथे ‘आयलंड’ असेही एक लोकेशन तयार मिळते. कशाशीही जोडलेले नसणे ही कामाची एक रीतसर अवस्था आहे, हे त्या यादीतच लिहिले आहे.

फरक ओळखायचा कसा? प्रत्येक डॉक्युमेंटला जन्मतः ३२ अक्षरी युनिव्हर्सल आयडी मिळतो, आणि तो जगातल्या सगळ्या प्रतींमध्ये तोच राहतो. त्याच्याबरोबर किती वेळा बदल झाला याचा क्रमांक आणि शेवटच्या बदलाची वेळ असते. दोन सर्व्हर एकमेकांच्या या नोंदी ताडून पाहतात आणि जे नवे आहे तेवढेच घेतात. चौथ्या आवृत्तीपासून तर पूर्ण डॉक्युमेंट न आणता फक्त बदललेली फील्ड आणण्याची सोय झाली.

मग एकच कागद पुण्यात आणि नागपुरात एकाच दुपारी दोघांनी बदलला तर? डॉमिनो ज्याच्यावर अधिक वेळा काम झाले त्याला मुख्य मानतो. तिथे बरोबरी झाली तर शेवटी जतन झालेल्याला. आणि हरलेली प्रत तो फेकत नाही. ती मुख्य प्रतीच्या खाली, ‘रेप्लिकेशन ऑर सेव्ह कॉन्फ्लिक्ट’ असा शिक्का मारून, चौकटीची खूण लावून ठेवून देतो. कितीतरी प्रशासक या शिक्क्याला कंटाळलेले मी पाहिले आहेत. लोक तक्रार करतात, यादी घाण दिसते. मला मात्र यंत्रणेतली ही सर्वांत सुसंस्कृत जागा वाटते. दोघांनीही मेहनत केली आहे, कोणाचे बरोबर हे यंत्राला कळणे शक्य नाही, म्हणून ते दोन्ही कागद माणसापुढे ठेवते. शेवटी लिहिणाऱ्याचेच खरे, असा नियम सर्रास चालतो आणि त्यात आधीच्याचे लिखाण कुणाच्या नकळत नाहीसे होते. इथे ते नाहीसे होत नाही.

पुसण्याचीही अशीच काळजी घेतली आहे. डॉक्युमेंट डिलीट केले तर त्याच्या जागी डिलीशन स्टब राहतो. मजकूर जातो, पण ‘इथे अमुक आयडीचा कागद होता, तो काढला’ एवढी खूण उरते, आणि तीच इतर प्रतींकडे जाऊन तिथला कागद काढायला लावते. हा स्टब साधारणपणे ९० दिवस ठेवतात. एखाद्या शाखेचा सर्व्हर त्याहून जास्त काळ बंद राहिला आणि मग सुरू झाला, की इकडचे स्टब संपलेले असतात आणि तिकडचे जुने कागद नवे म्हणून परत येतात. वर्षभरापूर्वी काढून टाकलेल्या ग्राहकांची नावे एका सकाळी यादीत पुन्हा दिसू लागतात. याला दोष म्हणावे असे मला वाटत नाही. ९० हा आकडा प्रशासकाच्या हातात आहे, आणि आपल्या संस्थेत एखादी शाखा किती दिवस तुटलेली राहू शकते, याचे उत्तर त्यानेच द्यायचे असते.

आता अधिकारांकडे. एसीएलमध्ये दर्जे सात : मॅनेजर, डिझायनर, एडिटर, ऑथर, रीडर, डिपॉझिटर आणि नो अ‍ॅक्सेस. यातला डिपॉझिटर थांबून पाहण्यासारखा आहे. त्याला कागद आत टाकता येतो, पण टाकल्यावर स्वतःचा कागदही पुन्हा पाहता येत नाही. देवळातल्या दानपेटीत जसे टाकलेले परत दिसत नाही तसे. गुप्त मतदान, सूचनापेटी, अंतर्गत तक्रार यांसाठी वेगळे काही बांधावे लागत नाही. अधिकाराच्या यादीतली ती एक पायरी पुरते.

आणि एसीएलच्या जोडीला रीडर्स फील्ड. डॉक्युमेंटवर हे फील्ड असले आणि त्यात तुमचे नाव नसले, तर डेटाबेसचे तुम्ही मॅनेजर असलात तरी तो कागद सर्व्हर तुम्हाला दाखवत नाही. नकाराचा संदेशही येत नाही. तुमच्या यादीत तो नसतोच. सहाव्या आवृत्तीपासून प्रशासकाला फुल अ‍ॅक्सेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन मिळाले, पण ते मुद्दाम चालू करावे लागते आणि चालू केल्याची नोंद लॉगमध्ये राहते. सर्व्हरच्या सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्यालाही दुसऱ्याचा कागद सहज वाचता येऊ नये, हा विचार या रचनेत आहे. त्याच्या जोडीला आरएसए पद्धतीची पब्लिक-की सुरक्षा पहिल्या दिवसापासून अंगभूत होती. प्रत्येक माणसाची ओळख त्याच्या आयडी फाइलमध्ये, पासवर्डने बंद केलेली. रीडर्स फील्डच्या नियमाचा काटेकोरपणा इतका की सर्व्हरलाही तोच लागू आहे. रीडर्स फील्डमध्ये सर्व्हरचे नाव नसेल तर त्या सर्व्हरवर तो कागद जातच नाही. ‘नाशिकला दिसतो, इथे दिसत नाही’ अशी तक्रार आली की अनुभवी प्रशासक आधी तिकडे पाहतो.

लग्नानंतर एखादीने आडनाव बदलले तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. प्रशासक एक विनंती नोंदवतो. ती अ‍ॅडमिन४ या डेटाबेसमध्ये डॉक्युमेंट होऊन बसते. ती व्यक्ती पुढच्या वेळी सर्व्हरशी जोडली गेली की तिच्या आयडीत नवे नाव उतरते. मग डिरेक्टरीत, म्हणजे नेम्स.एनएसएफमध्ये, मग एकेका डेटाबेसच्या एसीएलमध्ये, आणि शेवटी आठवड्याच्या फेरीत जुन्या कागदांच्या रीडर्स आणि ऑथर्स फील्डांत. प्रत्येक टप्पा स्वतंत्र कागद म्हणून दिसतो, आणि प्रत्येक सर्व्हर आपापला वाटा उचलतो. २१ दिवसांत ती व्यक्ती जोडलीच गेली नाही तर विनंती मावळते आणि जुने नाव कायम राहते. घाईने एका फटक्यात बदल करण्यापेक्षा हे संथ आहे. पण यात ज्याचे नाव आहे त्याचा सहभाग आहे, आणि मध्ये कुठे अडकले तर कुठे अडकले ते वाचता येते.

दोष आहेत, आणि काही मोठे आहेत. पडद्यावरचे नोट्स लोकांना कधीच प्रिय झाले नाही. एफ-फाइव्ह दाबले की जगभर पान ताजे होते. नोट्समध्ये त्या किल्लीने कित्येक वर्षे चालू काम कुलूपबंद होऊन पासवर्ड मागितला जाई. दोन याद्या जोडून हिशेब काढणे, रोजकीर्द लिहिणे अशा कामाला ही रचना योग्य नाही; जिथे एका क्षणी एकच सत्य हवे तिथे अनेक प्रतींचा कारभार घातक. आणि एक डाग रचनेचा नसून धोरणाचा आहे. अमेरिकेच्या निर्यात कायद्यामुळे १९९६ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ६४ बिटांच्या किल्लीतले २४ बिट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला उलगडता येतील असे ठेवले होते. १९९७ साली स्वीडनमध्ये यावरून खळबळ उडाली, कारण तिथले खासदार आणि सरकारी कर्मचारी हेच वापरत होते. पुढे निर्यातीचे नियम सैल झाले आणि ती तडजोड गेली. पण जिने गोपनीयतेचा एवढा बारीक विचार केला त्या यंत्रणेत हे व्हावे, याचे दुःख राहते.

कल्पना मात्र फुकट गेली नाही. सहाव्या आवृत्तीचे फॉर्म्युला इंजिन नव्याने लिहिणाऱ्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये काउचडीबी सुरू केला. त्यातही डॉक्युमेंट, प्रतींचे रेप्लिकेशन आणि हरलेली आवृत्ती जपून ठेवण्याची तीच रीत आहे. डॉमिनो स्वतः जुलै २०१९ मध्ये आयबीएमकडून नोएडाच्या एचसीएलकडे आला, आणि त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत.

तरीही अनेक संस्था आपले डॉमिनो सर्व्हर बंद करत आहेत, आणि त्यांची कारणे बहुधा योग्यच आहेत. ज्यांच्यावर हे काम आले आहे त्यांना माझी विनंती आहे. मजकूर नव्या टेबलांत ओतून झाला म्हणजे काम संपले असे समजू नका. आधी प्रत्येक डेटाबेसची एसीएल वाचा, रीडर्स फील्डे कुठे आहेत ते काढा, आणि कुणाला काय दिसू नये असे ठरले होते ते कागदावर लिहून काढा. नव्या जागी ते आपोआप येत नाही. सर्टिफायर आयडी (इतर आयडींना मान्यता देणारी फाइल) आणि निवृत्त झालेल्या माणसांच्या आयडी फाइली पासवर्डसह जपून ठेवा. त्या माणसांच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेली डॉक्युमेंटे त्या फाइलींशिवाय कुणालाही उघडता येणार नाहीत.