‘सार्वजनिक’ म्हणजे कोणाचे? : गिरगाव ते लालबाग परिसरातील ग्रंथालय-परंपरेची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीतील ग्रंथालयविषयक लेखन बहुधा दोन प्रकारांत विभागलेले दिसते. पहिला प्रकार सुवर्णमहोत्सवी वा शताब्दी स्मरणिकांचा. त्यात संस्थापकांचा त्याग, देणगीदारांची नामावली आणि ग्रंथसंख्येचा चढता आलेख यांना प्राधान्य असते. दुसरा प्रकार वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाविषयी चिंता व्यक्त करणाऱ्या लेखनाचा. त्यात दूरदर्शन, संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्यावर दोषारोप केला जातो. या दोन्ही प्रकारांत ग्रंथालय ही संस्था मात्र चिकित्सेतून सुटते. पहिल्यात ती वंदनीय ठरते, दुसऱ्यात ती परिस्थितीची बळी ठरते. ग्रंथालयाने कोणते ग्रंथ घेतले, कोणासाठी घेतले आणि त्याच्या उंबरठ्यापर्यंत कोण पोहोचू शकले नाही, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. दक्षिण व मध्य मुंबईतील गिरगाव, दादर, परळ व लालबाग या मराठीबहुल परिसराच्या आधारे संग्रह, उपक्रम आणि सेवा या तीन अंगांनी या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन परंपरा

मुंबईतील ग्रंथालयांचा इतिहास प्रवेशाच्या प्रश्नापासूनच सुरू होतो. १८०४ साली स्थापन झालेल्या व पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत पहिला भारतीय सभासद, माणेकजी करसेटजी, १८४० साली प्रवेश मिळवू शकला. काळा घोडा येथील डेव्हिड ससून ग्रंथालयाचे मूळ १८४७ साली टांकसाळ व सरकारी गोदीतील कर्मचाऱ्यांनी स्थापन केलेल्या संस्थेत आहे. म्हणजेच ग्रंथसंग्रह उभारणे आणि त्यात कोणाला येऊ द्यायचे हे ठरवणे, या दोन्ही गोष्टी या शहरात प्रारंभापासून एकत्र चालत आल्या आहेत.

मराठी वाचकांच्या संदर्भात या इतिहासाचे दोन प्रवाह स्पष्टपणे दिसतात. १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. त्याआधी पाच वर्षे, १८९३ साली, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले होते. मराठी भाषेतील ग्रंथ एकत्र करून जतन करणे ही या संस्थांमागील प्रेरणा होती आणि तिला भाषिक अस्मितेचे बळ होते. सभासद, वर्गणी, अनामत रक्कम आणि घरी पुस्तके नेण्याची देवघेव ही तिची कार्यपद्धती होती. गिरगावातील शिक्षक, कारकून, वकील व विद्यार्थी यांच्या जीवनक्रमाशी ती जुळणारी होती.

दुसरा प्रवाह परळमध्ये वाहू लागला. भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांच्या पुढाकाराने १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली. गिरणी कामगारांच्या वस्तीत रात्रशाळा, मोफत वाचनालये आणि ग्रंथ वस्तीपर्यंत पोहोचवणारी फिरती वाचनालये हा लीगच्या कार्याचा महत्त्वाचा भाग होता. येथे वाचकाने ग्रंथालयात यावे ही अपेक्षा बाजूला ठेवून ग्रंथाने वाचकाकडे जावे, असा विचार होता. पाळी संपवून परतणाऱ्या कामगाराला ग्रंथालयाची वेळ गाठता येत नाही, ही साधी वस्तुस्थिती त्यामागे होती. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतील ‘प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ’ या तत्त्वाचे आचरण परळमध्ये त्याच्या दोन दशके आधी सुरू झाले होते, असे म्हणता येईल.

याच परळमधील दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेल्या सभेतून त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा आकारास आली. ग्रंथालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासवर्ग उघडून बहिष्कृत वर्गात ज्ञानाचा प्रसार करणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक होते. या उद्दिष्टामागे व्यक्तिगत अनुभवही असावा. विद्यार्थिदशेत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावांकडे लक्ष गेले ते कृष्णराव अर्जुन केळुस्कर या शिक्षक-लेखकाचे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाल्यावर केळुस्करांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. या घटनेचा उल्लेख नेहमी केळुस्करांच्या औदार्याचे उदाहरण म्हणून होतो. ग्रंथालयाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा आहे. मराठी ग्रंथसंग्रहाची स्थापना होऊन नऊ वर्षे झालेल्या शहरात एका असामान्य वाचकाला त्याच्या आयुष्याची दिशा बदलणारा ग्रंथ बागेत झालेल्या ओळखीतून मिळाला. योगायोगाने जे घडले ते नित्याचे व्हावे, यासाठीच सार्वजनिक ग्रंथालय असते.

संग्रह : जतन आणि उपभोग

लहान ग्रंथालयाच्या संग्रहाचे मूल्यमापन केवळ ग्रंथसंख्येवर करण्याची प्रथा रूढ आहे. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड हे वर्गीकरणही ग्रंथसंख्या, वर्गणीदार, नियतकालिके अशा मोजता येणाऱ्या घटकांवर आधारलेले आहे. संख्येला महत्त्व आले की खरेदीचे स्वरूप बदलते. अनुदान हाती पडल्यावर आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी ते खर्च करण्याची घाई होते आणि वाचकाच्या मागणीपेक्षा विक्रेत्याच्या यादीला वजन प्राप्त होते. अशा खरेदीतून दाखलनोंद वही भरते, पण संग्रहाला व्यक्तिमत्त्व येत नाही.

याउलट जतनाच्या भूमिकेतून उभा राहिलेला संग्रह काय निर्माण करू शकतो, याचे उदाहरण दादर परिसरातच आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आश्रयाने १९४८ साली मराठी संशोधन मंडळ सुरू झाले आणि अ. का. प्रियोळकर यांनी त्याचे संचालकपद सांभाळले. भारतातील मुद्रणकलेच्या प्रारंभाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ साली याच मंडळाने प्रसिद्ध केला. गोव्यात १५५६ साली आलेल्या छापखान्यापासूनचा इतिहास सांगणारा हा ग्रंथ आजही या विषयाच्या अभ्यासकांना टाळता येत नाही. वर्गणीदारांच्या बळावर चाललेल्या संस्थेने आंतरराष्ट्रीय दर्जाच्या संशोधनाला आधार द्यावा, ही गोष्ट सामान्य नाही.

तथापि येथेच एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. ‘दुर्मीळ’ या शब्दाची व्याप्ती छापील, बांधीव ग्रंथापुरती राहिली. गिरणगावात निर्माण झालेले साहित्य, म्हणजे संघटनांची पत्रके, शाहिरांच्या पोवाड्यांच्या व लोकनाट्यांच्या चोपड्या, कामगार नाट्यस्पर्धांच्या संहिता, मंडळांच्या स्मरणिका, हे ग्रंथालयाच्या व्याख्येत सहज बसले नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत सिद्ध केली, म्हणून त्या काळातील ग्रंथव्यवहाराचा मागोवा घेणे शक्य होते. चोपड्या आणि पत्रके यांना असा सूचिकार क्वचितच लाभला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. त्या काळातील छापील साहित्य परिसरातील ग्रंथालयांनी आपला विषय मानून गोळा केले असते, तर आजच्या अभ्यासकाला खासगी ट्रंकांचा शोध घ्यावा लागला नसता. परिसराचे ग्रंथालय म्हणवताना परिसराचीच स्मृती संग्रहाबाहेर राहिली, हा आक्षेप गंभीर आहे.

उपक्रम : प्रेक्षक आणि वाचक

व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शन, साहित्यिकांची जयंती, पुरस्कार-वितरण हे उपक्रम ग्रंथालयांच्या वार्षिक अहवालांत ठळकपणे येतात. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. त्यामुळे आणखी एका समारंभाची भर पडली. या उपक्रमांचे सामाजिक मूल्य नाकारण्याचे कारण नाही. दादरच्या मध्यमवर्गीय सांस्कृतिक जीवनाला सभागृहांनी आणि व्याख्यानांनी मोठा आधार दिला आहे. प्रश्न एवढाच की, व्याख्यान संपल्यावर श्रोता कपाटाकडे वळतो का? वक्त्याने उल्लेखिलेले ग्रंथ त्या दिवशी मेजावर मांडून ठेवणे, त्यांची छोटी सूची श्रोत्यांच्या हाती देणे, या अत्यल्प खर्चाच्या गोष्टी आहेत. त्या होत नसतील तर उपक्रम ग्रंथालयाचा राहत नाही, तो सभागृहाचा होतो. सभागृहाचे भाडे हे उत्पन्नाचे साधन होणे समजण्यासारखे आहे, परंतु तेच संस्थेचे मुख्य कार्य बनू नये.

सेवा : जागेचा प्रश्न

परळ-लालबाग परिसरात ग्रंथालयाची सर्वाधिक निकडीची सेवा पुस्तकांची देवघेव नसून अभ्यासिका आहे, हे मान्य करावयास हवे. नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी व शिवडी येथे १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्या खोलीत अख्खे कुटुंब राहते. तेथील विद्यार्थ्याला रात्री दिवा, टेबल आणि शांतता देणारी जागा म्हणजे शिक्षणाचीच संधी. लालबाग परिसरात गणेशोत्सव मंडळांनी अभ्यासिका चालवल्या, त्या या गरजेतूनच. रूढ दृष्टिकोन अशा विद्यार्थ्याला ‘खरा वाचक’ मानीत नाही, कारण तो स्वतःची पाठ्यपुस्तके घेऊन येतो आणि कादंबरी घरी नेत नाही. परंतु लीगच्या रात्रशाळा आणि वाचनालये एकमेकांना जोडून उभी राहिली होती, याचे विस्मरण होऊ नये. स्पर्धापरीक्षेसाठी बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एखादा संदर्भकोश, एखादे आत्मचरित्र देणारा ग्रंथपाल असेल, तर अभ्यासिका हीच नव्या वाचकाची पहिली पायरी ठरते. अल्प मानधनावर अर्धवेळ काम करणाऱ्या कर्मचाऱ्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हेही त्याच दमात नोंदवले पाहिजे.

आता या परिसराचे स्वरूप पालटत आहे. चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. परळचे दामोदर नाट्यगृहही २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. पुनर्विकासाच्या आराखड्यात सदनिका, वाहनतळ आणि दुकाने यांची मोजमापे असतात, पण वाचनालयासाठी जागा असेलच असे नाही. जुना वाचक ठाणे, डोंबिवली, विरारकडे गेला, त्याची वर्गणी बंद झाली आणि नव्या रहिवाशाला ग्रंथालयाची ओळखच झाली नाही, अशा अवस्थेत देवघेव घटली तर ती केवळ ‘वाचनाची उदासीनता’ मानता येत नाही.

कायदा आणि त्याची मर्यादा

तत्कालीन मुंबई प्रांताच्या सरकारने १९३९ साली फैजी समिती नेमली. प्रत्यक्षात ग्रंथालय कायदा होण्यास मात्र १९६७ साल उजाडावे लागले. मद्रासने १९४८ साली आणि तत्कालीन म्हैसूर राज्याने १९६५ साली ग्रंथालय-उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राच्या कायद्याने तो मार्ग न स्वीकारता स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची पद्धत अवलंबिली. तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. संस्थांची स्वायत्तता टिकली, गावोगावी वाचनालये निघाली. उपकर असलेल्या राज्यांतही प्रश्न संपलेले नाहीत. परंतु या पद्धतीत ग्रंथालय हा नागरिकाचा हक्क होत नाही, तो सभासदाची सवलत राहतो. युनेस्कोच्या जाहीरनाम्याने सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनाशुल्क असावी असे म्हटले आहे. महाराष्ट्रात वृत्तपत्रांचा वाचनकक्ष खुला असतो, पण ग्रंथ घरी नेण्यासाठी वर्गणी आणि अनामत द्यावी लागते. कायद्याने परळचा प्रवाह बाजूला ठेवून गिरगावचा प्रवाह प्रमाण मानला, असा याचा अर्थ होतो. २०२२ साली अनुदानात वाढ करण्याचा निर्णय झाला. तिचे स्वागत करतानाही वाढीव रकमेने ही मूलभूत रचना बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे लागेल.

समारोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. या दर्जाचा उपयोग प्राचीन ग्रंथांच्या संशोधनासाठी होईल आणि तो व्हावाही. परंतु भाषेचे भवितव्य तिच्या वाचकावर अवलंबून असते आणि वाचक घडतो तो घराजवळच्या लहानशा वाचनालयात. गिरगावच्या प्रवाहाने जतन शिकवले आणि परळच्या प्रवाहाने पोहोचणे शिकवले. या दोहोंचा मेळ घालणारे ग्रंथालय परिसराच्या कागदपत्रांना ग्रंथाइतकाच मान देईल, व्याख्यानानंतर कपाट उघडे ठेवील, अभ्यासिकेतील विद्यार्थ्याला वाचक मानील आणि अनामत रकमेअभावी कोणालाही परत पाठवणार नाही. महाविद्यालयांतील अध्यापकांनाही यात वाटा उचलता येईल. परिसरातील एकेका ग्रंथालयाच्या दाखलनोंद वह्यांचा आणि सभासदपुस्तकांचा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास मराठी वाचकाचा इतिहास प्रथमच भक्कम पुराव्यावर उभा राहील. या वह्यांचे कागद पिवळे पडले आहेत आणि इमारती पाडल्या जात आहेत. म्हणून हे काम पुढच्या पिढीवर सोपवण्याजोगे राहिलेले नाही.