शालेय मुलांचा रंगाविष्कार : ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांना नाट्य व संगीताच्या रसिकतेची दीर्घ परंपरा लाभली आहे. ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन (१९७८), कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर या वास्तूंमध्ये व्यावसायिक नाटकांबरोबरच शाळांची स्नेहसंमेलने, बालनाट्ये आणि स्थानिक कलामहोत्सवही होत असतात. या महोत्सवांत प्राथमिक शाळेतील मुले गातात, नाचतात, नाटुकली सादर करतात. पालक कौतुकाने पाहतात, टाळ्या पडतात, बक्षिसे दिली जातात. मात्र या आविष्काराची समीक्षा क्वचितच होते. 'मुलेच ती' या वात्सल्यापोटी परीक्षणाची कसोटी बाजूला ठेवली जाते. प्रस्तुत लेखात या आविष्काराकडे कलाव्यवहार म्हणून पाहण्याचा आणि त्यात मुलाचे स्वतःचे स्थान कोणते, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

बालरंगभूमीची पार्श्वभूमी

मराठीत मुलांच्या नाटकाचे स्थूलमानाने दोन प्रवाह आढळतात. पहिला शालेय नाटकाचा. कल्याणच्या रंगमंदिराला ज्यांचे नाव आहे ते आचार्य अत्रे स्वतः शिक्षक होते आणि 'गुरुदक्षिणा' व 'वीरवचन' ही नाटके त्यांनी शाळेतील मुलांसाठी लिहिली. येथे मूल हे नट आहे.

दुसरा प्रवाह मुलांना प्रेक्षक मानणारा. अमेरिकेत बालरंगभूमीचे शिक्षण घेऊन आलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'ची स्थापना केली आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. मुलांसमोरचे नाटक नेपथ्य, प्रकाश व अभिनय या सर्व अंगांनी दर्जेदार असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच त्यांच्या नाटकांत मोठ्यांच्या भूमिका मोठे नट करीत. पुढे मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधील दिलीप प्रभावळकर यांची चेटकीण गाजली, ती याच दृष्टीचे फलित होय.

आजच्या स्थानिक महोत्सवांत या दोन प्रवाहांची सरमिसळ झालेली दिसते. रंगमंचावर मूल आहे. परंतु त्याच्याकडून अपेक्षा व्यावसायिक झगमगाटाची आहे. शालेय नाटकातला शिकण्याचा अवकाश त्यामुळे आक्रसतो आणि व्यावसायिक बालनाट्याची सफाईही हाती लागत नाही.

आवाज, सूर आणि जागा

इंग्लंडमधील नाट्यशिक्षक पीटर स्लेड यांनी 'चाइल्ड ड्रामा' (१९५४) या ग्रंथात मुलाचे स्वाभाविक नाट्य आणि प्रौढांचे रंगमंचीय नाट्य यांत भेद केला. लहान मुलाचे नाट्य मोकळ्या जमिनीवर, खेळातून फुलते. चौकटीच्या रंगमंचावर लवकर चढवलेले मूल अनुभवण्याऐवजी दाखवू लागते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. मोठ्या बंदिस्त नाट्यगृहात सात-आठ वर्षांच्या मुलाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असते. त्याचा आवाज तेवढा नसतो. यावर शोधलेला सोपा उपाय म्हणजे संवाद व गाणी आधीच ध्वनिमुद्रित करणे. मुले मग ओठ हलवतात. प्रयोग निर्विघ्न पार पडतो. परंतु संवाद विसरणे, सहकाऱ्याने तो सावरून घेणे, प्रेक्षक हसल्यावर क्षणभर थांबणे, हे जे नाटकाचे खरे शिक्षण, ते घडतच नाही.

संगीताच्या बाबतीत प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. पुरुष गायक सामान्यतः काळी एक-दोनच्या आसपासच्या पट्टीत गातात, तर स्त्री-गायिका काळी चार-पाचच्या. लहान मुलांचा आवाज स्त्री-स्वराला जवळचा, पण त्याचा पल्ला मर्यादित असतो. लोकप्रिय गीताचे तयार वाद्यसंगीत मूळ गायकाच्या पट्टीत असते आणि ते बहुधा तसेच वापरले जाते. परिणामी मुले खर्जात पुटपुटतात किंवा तारसप्तकात ओरडतात. पेटीवर साथ करणारा शिक्षक असेल, तर तो मुलांचा गळा पाहून पट्टी बदलू शकतो. पेटी-तबल्याची साधी साथ मुलांच्या गायनाला अधिक न्याय देते, ती या अर्थाने.

समूहदृश्यातील भूमिकावाटपही विचारात घेण्यासारखे आहे. स्पष्ट उच्चार असणाऱ्या दोन-चार मुलांना संवाद मिळतात. उरलेली झाड, ढग किंवा गर्दी होतात. घरात प्रमाणभाषा न बोलणारे मूल बहुधा या दुसऱ्या गटात असते. आगरी वा कोळी बोलीत ते घरी मनसोक्त नकला करते, पण रंगमंचावर मुके राहते. येथे प्रश्न कलेचा आहे, तसाच सामाजिक न्यायाचाही आहे.

ठाण्यातील एक पर्यायी प्रयोग

या पार्श्वभूमीवर रत्नाकर मतकरी यांच्या संकल्पनेतून ठाण्यात २०१४ मध्ये सुरू झालेला 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम लक्षणीय ठरतो. समता विचार प्रसारक संस्थेच्या सहयोगाने लोकवस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जगण्यातील विषयांवर नाटिका रचल्या आणि 'नाट्यजल्लोष' या महोत्सवात सादर केल्या. यातील सहभाग मुख्यतः किशोरवयीनांचा असला, तरी त्यातील तत्त्व लहानांनाही लागू पडते. ज्या लेखकाने व्यावसायिक बालनाट्याची उभारणी केली, त्यानेच उत्तरायुष्यात संहिता मुलांच्या हाती सोपवावी, ही घटना मराठी बालरंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाची आहे. मतकरी यांचे २०२० मध्ये निधन झाले. त्यांनी मांडलेला विचार मात्र आजही मार्गदर्शक आहे.

तथापि या प्रकारालाही एक धोका संभवतो. व्यसनमुक्ती, स्वच्छता, स्त्रीशिक्षण असे विषय मोठ्यांनी ठरवून दिले, तर मुलाच्या तोंडी पुन्हा मोठ्यांचेच शब्द येतात. केवळ परीकथेची जागा प्रबोधन घेते. विषय मुलांचा आहे की मुलांवर लादलेला आहे, हे येथेही तपासावे लागते. मुलांना केवळ गंमत करावीशी वाटली, तर त्या गमतीलाही तितकाच मान असला पाहिजे.

निष्कर्ष

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने संगीत, नृत्य, नाट्य व दृश्यकला यांना शालेय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर स्थान देण्याची शिफारस केली. ती केवळ वार्षिक कार्यक्रमाने पूर्ण होणार नाही. उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१. प्राथमिक वयोगटासाठी मोठ्या नाट्यगृहापेक्षा शाळेचे सभागृह, अंगण वा छोटा मंच अधिक अनुरूप आहे.

२. ध्वनिमुद्रित संवाद व गायन टाळून मुलांचा प्रत्यक्ष आवाज ऐकू येईल अशी रचना असावी. गीताची पट्टी मुलांच्या गळ्यानुसार ठरवावी.

३. संहितेत मुलांच्या बोलीला व कल्पनेला वाव असावा आणि प्रत्येक मुलाला किमान एक वाक्य स्वतःचे असावे.

४. परीक्षकांनी वेशभूषा व नेपथ्य यांपेक्षा मुलांचे परस्परांशी असलेले नाट्यपूर्ण नाते पाहावे.

महोत्सव संपल्यावर मुलाजवळ काय उरते, हीच अखेर या आविष्काराची कसोटी होय. पदक व छायाचित्र घरोघरी उरतेच. आपण बोललो आणि समोरच्यांनी ते ऐकले, हा विश्वास झाड झालेल्या मुलालाही मिळाला, तर तो प्रयोग यशस्वी म्हणता येईल.