तुकोबांच्या गावाचा पुढचा चित्रपट

देहूची गोष्ट १९३७ साली व्हेनिसला पोहोचली. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'संत तुकाराम' आदल्या वर्षीचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि परदेशी महोत्सवात मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटांमध्ये त्याची गणना झाली. त्यातल्या चमत्कारांपेक्षा आज अधिक लक्षात राहते ती गौरी यांनी उभी केलेली आवली. नवरा अभंगात रंगलेला, घरात दाणा नाही आणि साक्षात विठ्ठलावर डाफरणारी ही बाई कुठल्याही देशातल्या प्रेक्षकाला आपली वाटते. तिचे दारिद्र्य, तिचा राग आणि तिची माया देहूच्या मातीतली आहे, म्हणूनच.

त्याच देहूच्या भोवती आता तळवडे, भोसरी, महाळुंगे, चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. इथे बनलेल्या गाड्या जगभर जातात. इथल्या माणसांची गोष्ट मात्र जगाच्या पडद्यावर जात नाही. मराठी चित्रपट महोत्सवांत चांगला रुळलेला असताना हे घडते आहे, म्हणून ते अधिक खटकते.

गेल्या पंधरा वर्षांचा पट पाहावा. उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' २०१० मध्ये बर्लिनला दाखवला गेला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ने २०१४ मध्ये तिथेच बालचित्रपटांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळवले. त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' व्हेनिसच्या ओरिझोन्ती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला आणि २०२० मध्ये त्यांच्या 'द डिसायपल'ला मुख्य स्पर्धेत पटकथेचे पारितोषिक मिळाले. अक्षय इंडीकर यांचा 'त्रिज्या' शांघायला गेला, 'स्थलपुराण' बर्लिनला. आशियाई चित्रपटांच्या प्रसारासाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'नेटपॅक' संस्थेचे पारितोषिक २०२३ मध्ये टोरांटोत जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ला मिळाले. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने सनडान्सला परदेशी कथापटांच्या स्पर्धेत ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावले.

या चित्रपटांची कमाई मोठी आहे. नवखे चेहरे, घाई न करणारा कॅमेरा आणि बोलीचा नेमका सूर यांतून त्यांनी मराठी पडद्याला पुन्हा पाहायला शिकवले. 'स्थळ'मध्ये मुलगी पाहण्याचा कार्यक्रम परत परत येतो आणि प्रत्येक वेळी अधिक असह्य होतो. ही रचनेची ताकद आहे. पण हे सगळे चित्रपट शेजारी ठेवले की एक रिकामी जागाही दिसते. बालपण, किनारा, गाव, गावाकडे परतणे यांत आपला महोत्सवी चित्रपट फार रमतो. 'साबर बोंडं'चा नायक मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो, पण गोष्ट घडते ती गावातल्या सुतकाच्या दहा दिवसांत. 'कोर्ट'मधला गटारसफाई कामगार तर मेल्यावरच, खटल्याचा पुरावा म्हणून आपल्याला भेटतो. या चित्रपटांचा तो दोष नव्हे, त्यांचे विषय वेगळे आहेत. पण कामावर उभा असलेला, हात चालवणारा माणूस या पटावर जवळजवळ नाहीच.

मुंबईच्या गिरणी कामगाराच्या वाट्याला निदान काही आले. जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक आले, त्यावरून महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' २०१० मध्ये आला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासूनचा. टेल्को कामगारांचा १९८९ चा संप शनिवारवाड्यापर्यंत पोहोचला. चाकणच्या बजाज प्रकल्पातला संप २०१३ मध्ये जवळपास पन्नास दिवस चालला. एवढ्या इतिहासातून पडद्यावर किती उतरले? आणि आजचा कामगार तर संपाच्या चौकटीतही मावत नाही. तो कंत्राटी आहे किंवा ट्रेनी आहे. लातूर-नांदेडचा, बिहारचा, ओडिशाचा आहे. खराबवाडीत कॉट बेसिसवर राहतो. त्याची नाइट सुरू होते तेव्हा त्याच कॉटवर फर्स्ट शिफ्टचा दुसरा कोणी आडवा होतो. पॉवर प्रेसवर बोट गमावले की गावाकडे काय सांगायचे, हा त्याचा प्रश्न आहे. परमुलुखात गेलेल्यांच्या अनुभवासाठी जगात खास महोत्सव भरतात. तो अनुभव इथे प्रत्येक कंपनीच्या बसमध्ये बसलेला आहे.

साधनांची अडचण आता उरलेली नाही. मोबाइल आहे, संकलनाची सॉफ्टवेअर आहेत आणि या भागात शॉर्टफिल्म करणारी उत्साही मुलेही पुष्कळ आहेत. अडचण घडणीची आहे. त्यांच्या बहुतेक फिल्म्स संदेशाने सुरू होतात आणि संदेशानेच संपतात: हेल्मेट घाला, झाडे लावा, व्यसन सोडा. माणूस उदाहरणापुरता येतो. मग ती फिल्म पाठवली जाते इंटरनेटवरच्या कुठल्याशा 'आंतरराष्ट्रीय' महोत्सवाला, जिथे फी भरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पुरस्कार मिळतो. पोस्टरवर पुरस्कारचिन्हांच्या ओळी वाढतात, पण ती फिल्म कुणी गंभीरपणे पाहिलेली नसते. हा व्यवहार नवख्यांचे पैसे घेतोच, शिवाय त्यांची स्वतःकडे पाहण्याची नजरही बिघडवतो.

खरे महोत्सव वेगळे असतात. न्यूयॉर्कमध्ये १९७८ पासून आशियाई आणि आशियाई वंशाच्या अमेरिकी दिग्दर्शकांचा महोत्सव भरतो. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो इथेही तसे मंच उभे आहेत. मुंबईत 'थर्ड आय' हा आशियाई महोत्सव आहे. तिथे फिल्म पाठवण्याआधी त्या महोत्सवाने मागची दोन-तीन वर्षे काय निवडले ते पाहावे. फिल्म यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नये, कारण अनेक ठिकाणी पहिल्या प्रदर्शनाची अट असते. सबटायटल हे अनुवादाचे काम समजून करावे, भाषा जाणणाऱ्याकडून. चाकणच्या शॉपफ्लोअरवर मराठी, हिंदी, भोजपुरी एकाच वाक्यात मिसळतात. सपाट इंग्रजीत ते सारे एकसारखे ऐकू आले तर फिल्मचा अर्धा जीव जातो.

परदेशातल्या मराठी मंडळींकडूनही अपेक्षा आहे. अभिजित घोलप यांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये सॅन होजे इथे 'नाफा' या संस्थेचा मराठी चित्रपट महोत्सव भरला, हे मोठे पाऊल आहे. तिथल्या प्रेक्षकांत पुण्या-पिंपरीच्या कंपन्यांतून गेलेले अभियंते नक्की असतील. ओळखीच्या ताऱ्यांसोबत त्यांनी आपल्याच कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची गोष्टही मागितली पाहिजे.

सुरुवात मात्र घरात व्हायला हवी. शंभराव्या नाट्यसंमेलनाचा मुख्य सोहळा जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडने थाटात पार पाडला. रामकृष्ण मोरे, आचार्य अत्रे, अंकुशराव लांडगे अशी नाट्यगृहे इथे आहेत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत कामगार वर्षानुवर्षे दिवसभर राबून रात्री तालमी करत आले आहेत. हीच शिस्त चित्रपटाला द्यावी: मंडळाने कामगारांच्या लघुपटांची स्पर्धा घ्यावी, विषय बांधून देऊ नये, परीक्षक चित्रपट जाणणारे असावेत आणि निवडलेल्या फिल्म्सच्या सबटायटलचा व प्रवेश फीचा खर्च उचलावा. पालिकेने महिन्यातून एक संध्याकाळ चांगले आशियाई चित्रपट दाखवावेत, तेही शिफ्टच्या वेळा सांभाळून.

महोत्सवाची निवड हे अखेरचे ध्येय नव्हे. स्वतःचे जगणे पाहण्याजोगे आहे, हा विश्वास या पट्ट्यातल्या मुलांना मिळणे अधिक मोलाचे आहे. तो मिळाला की संदेश मागे पडेल, माणूस पुढे येईल आणि मग ती फिल्म कुठेही पाठवता येईल.